उषवदाताचं व्याज

श्रावणात चार दिवस संततधार लागली की पुण्या-मुंबईतल्या नाशिककरांचे घरी फोन सुरू होतात आणि प्रश्न एकच असतो, "मारुतीला कुठवर लागलंय?" गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते टीव्हीच्या पडद्याखाली सरकत असतं, पण त्या आकड्यातून आमच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी म्हणजे नेहमीचंच. कमरेला म्हणजे घाटावरच्या टपऱ्या हलल्या. छातीला म्हणजे भांडी बाजारातल्या दुकानदारांनी माल माळ्यावर चढवला. आणि मारुती बुडाला की कुणीतरी नारोशंकराच्या देवळावरच्या घंटेचं नाव काढतं, कारण पाणी तिला टेकलं म्हणजे महापूर, आणि फोनवरचा आवाज बदलतो. २००८, २०१६, २०१९ हे तिन्ही पूर आमच्या घरी याच मापाने मोजले गेले.

ही घंटा मूळची पोर्तुगीज, १७२१ सालची. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा ती मराठ्यांच्या हाती लागली, आणि पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये पंचवटीत बांधलेल्या रामेश्वराच्या देवळाच्या दारावर चढली. एका मोठ्या लढाईची विजयखूण, आणि तिचं आजचं काम काय, तर पूर मोजणं. ही बढती की पदावनती, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण एवढं खरं की नाशकात त्या घंटेचा इतिहास न सांगता येणारी माणसं पुष्कळ आहेत आणि तिची उंची ठाऊक नसलेला जुना नाशिककर विरळा.

जुन्या शहरातल्या वारशाबद्दल बोलताना मी इथूनच सुरुवात करते. वारसा म्हटलं की आपल्या मनात दोरी बांधलेलं आवार, तिकीटखिडकी आणि 'हात लावू नये' अशी पाटी येते. जुन्या नाशकात बहुतेक सगळ्याला हात लावलेला असतो, रोज. रंगपंचमीच्या रहाडींचंच घ्या. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, पंचवटीतला शनी चौक इथे रस्त्याच्या खाली पेशवेकाळातले दगडी हौद आहेत. वर्षभर त्यांच्यावरून रिक्षा, हातगाड्या आणि शाळेच्या व्हॅन जातात. रंगपंचमी जवळ आली की रस्ता उकरायचा, ओंडके-फळ्या काढायच्या, हौद धुवायचा, पूजा करायची, उकळून तयार केलेला रंग ओतायचा आणि मग पोरांनी धप्पा मारायचा. धप्पा म्हणजे अशी उडी की काठावरच्या दहा माणसांची धुलाई व्हावी. रहाडीरहाडीचा रंग ठरलेला, मान ठरलेले. सण आटोपला की फळ्या परत, माती परत, आणि सकाळी त्यावरून दूधवाला जातो. या रहाडी टिकल्या त्या कुणी जतन केल्या म्हणून टिकल्या असं मला वाटत नाही. दरवर्षी त्या उघडणारी माणसं त्याच आळीत राहत होती म्हणून टिकल्या.

ती माणसं आता आळीत राहत नाहीत. खरं सांगायचं तर मीही राहत नाही.

गेल्या भाद्रपदात माझी एक मैत्रीण तिच्या लेकीला घेऊन आली. लेक आर्किटेक्चर शिकते, तिला 'जुनं नाशिक' बघायचं होतं. पाऊस उघडझाप करत होता. मेनरोडवरून आत शिरलो, सराफ बाजारातून सरकारवाड्याकडे, तिथून भांडी बाजार, मग उलट फिरून आमच्या आळीत. पोरगी खूश होती. सागवानी खांब, खांबावरची कोरीव कमळं, महिरपी, चौकातलं तुळशीवृंदावन, जिन्याच्या अंधारात भिंतीत खोचलेला दिव्याचा कोनाडा. एका वाड्याच्या दर्शनी भिंतीला लोखंडी टेकू लावले होते आणि दारावर महापालिकेची 'धोकादायक'ची नोटीस चिकटवलेली होती. नोटिशीच्या शेजारी दाराला ताजं तोरण. आतून शिट्टी वाजली, कुकरची. पोरीने विचारलं, "मावशी, हे दुरुस्त कोण करतं?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवसापासून या प्रश्नाचं सरळ उत्तर शोधते आहे. उत्तर असं आहे की कुणीच नाही, आणि प्रत्येकाकडे त्याचं रास्त कारण आहे.

मालक एक नसतो. आजोबांच्या नावावरचा वाडा, सात चुलत भावंडं, त्यातलं एक कॅनडात, एकाचं दुसऱ्याशी कोर्टात. भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्यांचे, महिन्याच्या भाड्यात सिमेंटची एक गोणी येत नाही. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात मी कौलं कशी बदलू? भाडेकरू म्हणतो, माझं नसलेलं छप्पर मी का बदलू? आणि मी बाहेर पडलो तर हक्क गेला. महापालिका दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नोटिसा बजावते: आपली मिळकत धोकादायक आहे, उतरवून घ्यावी, दुर्घटना घडल्यास जबाबदारी आपली. पुरातत्त्व खातं सरकारवाडा, सुंदरनारायणाचं देऊळ असं जे यादीत आहे तेवढं बघतं. यादीबाहेरचा वाडा हा वारसा नसतो, ती 'मिळकत' असते. मग सगळेजण एकाच गोष्टीची वाट बघत बसतात: वाडा पडण्याची. पडला की भाडेकरू-मालक वाद मिटवायला बिल्डर येतो, नकाशा मंजूर होतो, खाली गाळे आणि वर फ्लॅट. त्यात कुणी खलनायक नाही. नियम असे जुळून आले आहेत की घर सांभाळण्यापेक्षा घर पडणं सगळ्यांनाच परवडतं.

इथे कुणी म्हणेल, बाई, तुम्ही स्वतः तर तिथून निघालात. बरोबर आहे. आम्ही दोन खोल्यांत पाच जण होतो. संडास चौकाच्या पलीकडे, सहा बिऱ्हाडांत दोन, आणि रात्री पावसात छत्री घेऊन जायचं. माझी आई त्या वाड्याबद्दल आजही एक हळवा शब्द काढत नाही. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आलो त्या दिवशी तिने संडासचं दार तीनदा उघडून मिटून पाहिलं होतं. तेव्हा वाड्यातलं आयुष्य कसं गोड होतं, माणसं कशी एकमेकांना धरून होती, हे गाणं मी म्हणणार नाही. ते बहुतेक वाडा सोडून गेलेलेच म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. आई वाडा सोडून गेली ती संडासासाठी आणि गळतीसाठी, कोरीव खांबांना कंटाळून नव्हे. संडास आणि छप्पर यांना जितके पैसे लागले असते, त्याच्या कितीतरी पट पैसे या शहरात दर बारा वर्षांनी येतात आणि त्या आळीला वळसा घालून जातात.

सिंहस्थाबद्दल बोलते आहे, हे नाशिककरांना सांगायला नको. २००३, २०१५ आणि आता २०२७. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. कुंभमेळा प्राधिकरण कायद्याने स्थापन झालं आहे, रस्ते खोदलेले आहेत, तपोवनातल्या साधुग्रामासाठी झाडं तोडायची की नाही यावरून शहर रस्त्यावर उतरून झालं आहे. सिंहस्थाला माझा विरोध नाही. असण्याचं कारणही नाही. या शहरातले कितीतरी रस्ते आणि पूल त्याच्याच कृपेने झाले. गंगा-गोदावरीचं देऊळ बारा वर्षं बंद राहून सिंहस्थातच उघडतं, त्या दाराशी उभं राहिल्यावर मलाही काहीतरी होतं. तक्रार पैशाच्या चालीबद्दल आहे. तो पुरासारखा येतो. आला की घाईने पसरावा लागतो, तारखेच्या आत संपवावा लागतो, आणि ओसरला की पुढची बारा वर्षं कोरडी.

घाईचा पैसा काय करतो याचा दाखला गोदावरीच्या पात्रातच आहे. गेल्या शतकाच्या नकाशांत रामकुंडाच्या आजूबाजूला सतरा कुंडं दिसतात: लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, दशाश्वमेध वगैरे. खाली जिवंत झरे होते. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत भाविकांना उभं राहायला सपाट जागा हवी म्हणून पात्रात काँक्रीट ओतलं गेलं. झरे त्याखाली गेले. मग स्नानाला पाणी हवं म्हणून धरणातून सोडायचं. पुढे काही नागरिक उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ते काँक्रीट काढण्याचं काम निघालं; थोडं निघालं, बरंच राहिलं. म्हणजे ओतण्याचा खर्च एकदा, काढण्याचा खर्च दुसऱ्यांदा, आणि झरे गेले ते गेलेच. हे कुणी दुष्टपणाने केलं नव्हतं. दोन महिन्यांच्या पाहुण्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलं होतं. घर पाहुण्यांच्या सोयीने बांधलं की घरच्यांची गैरसोय होते, हे कुठल्याही गृहिणीला कळतं.

आता रामकाल पथ. केंद्राच्या पर्यटन खात्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये नाशिकच्या या प्रकल्पाला ९९ कोटी १४ लाख रुपये मंजूर केले. काळाराम, सीतागुंफा, रामकुंड, घाट हे एका धाग्यात ओवायचे, भाविक-पर्यटकांना नीट चालता यावं, कथा कळावी. चालायला नीट रस्ता व्हावा यात वाईट काय? काहीच नाही. पण नावातच एक काळ निवडलेला आहे, आणि नाशिक एका काळाचं नाही. त्याच काळारामाच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दारं बंद केली गेली. त्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दंगल झाली, दगड पडले. पाच-एक वर्षं हा लढा चालला, दार उघडलं नाही. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. रामाची कथा भारतभर कुठेही सांगता येते. ही दुसरी कथा सांगायला जगात एकच दार आहे, आणि ते या पथावर आहे. पथावर तिला किती फूट जागा मिळते त्यावरून मी त्या ९९ कोटींची किंमत करणार आहे.

वारसा आणि रोजचं जगणं यांचा मेळ वगैरे आपण गोड शब्दांत म्हणतो, तेव्हा हे विसरतो की रोजच्या जगण्यात कोणाला पाणवठ्यावर येऊ द्यायचं आणि कोणाला नाही, हेही होतं. जुनं शहर निरागस नव्हतं. ते जसंच्या तसं जपा असं मी म्हणत नाही, म्हणूच शकत नाही.

मैत्रिणीच्या लेकीला घेऊन फिरलो त्या दिवशी सकाळी आम्ही आधी पांडवलेण्याला गेलो होतो. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून त्रिरश्मी डोंगर, चोवीस लेणी, शंभरेक मीटरची चढण आणि पायऱ्यांवर व्यायामाला आलेले निवृत्त लोक. पांडवांचा आणि या लेण्यांचा काही संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंसाठी खोदली गेली. देणगीदारांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. सातवाहन राणी गौतमी बलश्रीही आहे आणि मुगूदास नावाचा एक दासकही. दासक म्हणजे मासे धरणारा, असा अर्थ अभ्यासक लावतात. पण मला दर वेळी थांबायला होतं ते दहाव्या लेण्यात. हे उषवदाताचं. क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपान याचा जावई, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. लेणं खोदून तो थांबला नाही. त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, 'अक्षयनीवी' (कायम ठेव) म्हणून ठेवले. त्यातले दोन हजार गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. उरलेले एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. तिथल्या शिलालेखात स्पष्ट म्हटलं आहे की हे मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज भोगायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी. हिशोब करून पाहा: दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, वीस भिक्षूंना बारा-बारा. पैचा घोळ नाही. आणि हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवला गेला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला गेला, हेही तिथेच कोरलेलं आहे.

गोवर्धन हे गाव आजही आहे, गंगापूर धरणाच्या वाटेवर.

उषवदाताला जे कळलं होतं ते आपल्याला कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लेणं खोदणं सोपं. पुढच्या पावसाळ्यात तिथे राहणाऱ्याच्या अंगावर कपडा असेल की नाही, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर त्याने उद्घाटनाच्या खर्चात शोधलं नाही, व्याजात शोधलं. आणि ते मुद्दल कुठल्या खजिन्यात न ठेवता गावात काम करणाऱ्या विणकरांकडे ठेवलं. म्हणजे पैसा गावात फिरत राहिला, माग चालत राहिले, आणि लेण्यात कपडे पोचत राहिले. वारसा आणि रोजगार एकाच दोऱ्याने विणलेले.

सिंहस्थाच्या एकूण खर्चातून जर रामकाल पथाएवढी, समजा शंभर कोटींची, रक्कम बाजूला काढली आणि सात टक्क्यांनी ठेवली, तर वर्षाला सात कोटी येतात. दरवर्षी. मेळा असो-नसो, निवडणूक असो-नसो. सात कोटींत जुन्या नाशकातले सगळे वाडे उभे राहणार नाहीत, हे मलाही कळतं. पण कौलं, तुळया, सांडपाण्याच्या मोऱ्या, प्रत्येक बिऱ्हाडाला आत संडास, एवढं तर एकेक आळी धरून होत जाईल. दहीपुलावर आणि सराफ बाजारात तासाभराच्या जोरदार सरीने दुकानांत पाणी शिरतं, कारण खालून सरस्वती नाला वाहतो आणि तो आपण झाकून टाकला. त्याच्या सफाईला बारा वर्षांचा मुहूर्त लागत नाही, दर मे महिन्याला माणसं लागतात. सुतारांना काम लागेल. जुनी सागवानी तुळई कशी जोडायची हे येणारे सुतार आता हाताच्या बोटांवर आहेत, आणि तांबट आळीत ठोक्याचा आवाज कमी होत गेला तसा हाही हात थांबेल.

लगेच पहिला आक्षेप: खासगी घरांवर सरकारी पैसा? मुंबईत तो आपण कधीच मान्य केला आहे. १९६९ च्या कायद्याने तिथे जुन्या चाळींच्या दुरुस्तीसाठी मंडळ निघालं, उपकर बसवला, आणि त्या पैशांतून भाड्याच्या खासगी इमारतींची डागडुजी होत आली. ते मंडळ पुढे म्हाडात गेलं. त्याचा कारभार आदर्श आहे असं मुंबईतला कुणीच म्हणणार नाही, टेकू लावलेल्या चाळी तिथेही दिसतात. पण तत्त्व म्हणून हे महाराष्ट्रात पन्नास वर्षांहून जुनं आहे, आणि ते मुंबई बेटाच्या बाहेर आलं नाही, इतकंच. अहमदाबादने वेगळी वाट काढली. २०१७ मध्ये देशातलं पहिलं जागतिक वारसा शहर झालेल्या त्या गावात पोळांमधल्या, म्हणजे तिथल्या जुन्या आळ्यांमधल्या, घरांच्या मालकांना न वापरलेलं चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाचा हक्क, बाहेर विकता येतं आणि तो पैसा घराच्या दुरुस्तीला लावता येतो. घर उभं राहिलं तरच पैसा. आपल्याकडे घर पडलं तर पैसा. सगळा फरक त्या एका 'तर'चा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि त्याला मी हसून उडवणार नाही. २७ ऑगस्ट २००३ ला शाही स्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. अरुंद उतार, बॅरिकेड, मागून रेटा. ज्याने तो दिवस पाहिला तो वाड्यांच्या नक्षीसाठी रस्ता अरुंद ठेवा असं म्हणणार नाही. मी तेव्हा शहरातच होते. संध्याकाळी आमच्या आळीत कुणी चूल पेटवली नाही. तेव्हा गर्दीच्या वाटेत येणारी काही घरं जाणार असतील तर गेली पाहिजेत. त्यावर माझी अट एकच आहे, आणि ती सौंदर्याची नाही. ज्याचं घर जाईल त्याला चालत जाता येईल अशा अंतरावर घर द्या. घाटावर फुलं विकणारी, पिंडदानाचं सामान मांडणारी, बुधवारच्या बाजारात भाजीची पाटी लावणारी, वंशावळीच्या चोपड्या सांभाळणारे तीर्थोपाध्याय, यांचं पोट नदीपासून दहा मिनिटांच्या परिघात आहे. त्यांना शहराच्या टोकाला चौथ्या मजल्यावर फ्लॅट दिला की कागदावर पुनर्वसन होतं, आणि दोन वर्षांत फ्लॅट भाड्याने देऊन ती परत नदीकाठी कुठेतरी पत्रे ठोकतात. मग त्यांना अतिक्रमण म्हणतात.

आणि काही ठिकाणी तर गर्दीचं कारणही नसतं, फक्त दृश्य स्वच्छ हवं असतं. हंपीत २०११ मध्ये विरूपाक्षाच्या समोरच्या बाजारातल्या दगडी मंडपांतून राहती कुटुंबं आणि दुकानं हलवली गेली. स्मारकाचं रक्षण हा हेतू होता आणि मंडपांत भिंती घालून केलेली ओबडधोबड बांधकामं काही गोंडस नव्हती. पण तो रस्ता मुळात बाजार म्हणून बांधला होता. आता तिथे बाजाराचे अवशेष आहेत, आणि बाजार करणारे गेले. मी तिथे संध्याकाळी गेले होते. फोटो छान येतात.

नाशकात असं करायचं ठरवलं तर पहिला नंबर गढीचा लागेल.

जुने लोक तिला मातीची गढी म्हणतात, बातम्यांत काझी गढी असते. गोदावरीच्या उजव्या काठाला उंच मातीचा ढिगारा, वर दाटीने घरं. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळापासून सातवाहनांपर्यंत आणि वर मुघल-मराठा काळापर्यंत थरावर थर सापडले. नाशिक आणि संगमनेरजवळचं जोर्वे यांचा एकत्रित अहवाल १९५५ मध्ये निघाला आणि महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला तो आजही चुकवता येत नाही. म्हणजे ज्याला आपण 'तीन हजार वर्षांचं नाशिक' म्हणतो ते नुसतं बोलणं नाही, ती माती आहे, आणि ती दर पावसाळ्यात थोडीथोडी खाली येते. कडेची घरं खचतात. पावसाळ्यापूर्वी नोटिसा, पावसात तात्पुरती हलवाहलव, दिवाळीपर्यंत सगळे परत. संरक्षक भिंतीची मागणी इतकी जुनी झाली आहे की तिचीच नोंद पुरातत्त्व खात्याने घ्यावी.

गढीबद्दल दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतं, सगळ्यांना हलवा, तिथे पुरातत्त्व उद्यान करा. दुसरं म्हणतं, गरिबांची घरं आहेत, इतिहासाचं काय घेऊन बसलात. मला दोन्ही आळशी वाटतात. भिंत बांधली तर माणसंही वाचतात आणि थरही. तिथे माणूस आणि इतिहास यांच्यात निवड करायचीच नाहीये, दोघांचा शत्रू एकच आहे, पावसाचं पाणी. सांडपाणी बंद मोऱ्यांतून खाली नेलं, उतार बांधून काढला, अगदी काठावरच्या घरांना खाली आळीतच जागा दिली, तर बाकीच्यांनी तिथून हलण्याचं कारण नाही. या टेकाडावर माणसं काहीतरी पस्तिसशे वर्षं, मध्ये खंड पडत का होईना, राहत आली आहेत. राहणं हाच तिथला सगळ्यात जुना रिवाज. त्या भिंतीला सिंहस्थाच्या एकूण खर्चात किती टक्के लागतील हे मी मांडणार नाही, पण ती पाहुण्यांच्या वाटेवर नाही, एवढं मला दिसतं.

त्या दिवशी शेवटी आम्ही गढीवर चढलो. पोरीला थर बघायचे होते. कडेला एका घरातल्या बाईंनी आम्हांला ओट्यावर बसवलं, चहा टाकला. कुणी बातमीवाले आहोत असं त्यांना वाटलं असावं, कारण न विचारता त्यांनी आतली भिंत दाखवली. वरपासून खालपर्यंत तडा होता. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक आडव्या रेघा, आणि प्रत्येक रेघेपाशी वर्ष. सगळ्यात जुन्या रेघा अगदी जवळजवळ, मग थोड्या लांब, मग त्यांच्यामध्ये बोट मावेल एवढ्या. मैत्रिणीच्या लेकीने वाकून आकडे वाचले आणि म्हणाली, "यंदाची दिसत नाही."

"यंदाची पाऊस संपल्यावर," त्या म्हणाल्या. "आत्ता मारली तर परत मारावी लागते."